तुर्कमेनिस्तानची टूर एजन्सी: साडेतीन स्टार, आणि ते का ते वाचा

जाऊन आल्यापासून जो तो एकच विचारतोय, व्हिसा कसा मिळाला? तर एकदाच सगळं लिहून टाकते म्हणजे परत परत सांगायला नको. हा रिव्ह्यू आम्ही ज्या लोकल टूर एजन्सीतर्फे अश्गाबातला, म्हणजे तुर्कमेनिस्तानच्या राजधानीला, गेलो तिचा आहे, पण त्या देशात एजन्सी आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, त्यामुळे देशाचंही बरंच येईल. एजन्सीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की आमचा गाइड कोण होता हे शोधायला तिथे कोणाला पाच मिनिटं लागणार नाहीत, आणि त्याच्याबद्दल मला चांगलंच लिहायचंय.

आधी व्हिसाचं. तिथे जायला जगातल्या जवळपास सगळ्यांनाच व्हिसा लागतो, आणि टूरिस्ट व्हिसासाठी आधी एलओआय लागतं, म्हणजे निमंत्रणपत्र. ते वकिलात देत नाही, तिथलं मायग्रेशन खातं देतं, आणि तुम्ही स्वतः मागू शकत नाही, तिथल्या लायसन्सवाल्या एजन्सीनेच तुमच्या वतीने मागायचं. ती एजन्सी मागणार कधी, तर तुम्ही तिची टूर घेतलीत की. टूर म्हणजे गाइड, गाडी, हॉटेल, सगळं आधी ठरलेलं. थोडक्यात तुम्ही तिथे असेपर्यंत एजन्सी तुमची जामीन आहे. हे डोक्यात नीट बसलं ना की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात, ते लोक असे का वागतात, इतके का घाबरतात, आणि ईमेलला असं तुटक उत्तर का देतात.

ईमेलवरनं आठवलं. आमचा सगळा व्यवहार ईमेलवर, कारण व्हॉट्सअॅप तिथे चालत नाही. मी चांगली लांबलचक, नम्र ईमेल लिहायचे, आठ प्रश्न नंबर घालून, आणि चार दिवसांनी उत्तर यायचं, “ओके. वेट.” आठातल्या कुठल्या प्रश्नाला ओके आणि कशासाठी वेट ते आपणच ओळखायचं. कम्युनिकेशनचे स्टार मी इथेच कापलेत. पण एक मान्य करते, जिथे त्यांना माहीत नव्हतं तिथे त्यांनी थाप मारली नाही. एलओआय किती दिवसांत येईल विचारलं तर म्हणाले, तीन आठवडे, कधी पाच, कधी येत नाही. मी आणखी दोन एजन्सींना विचारलं होतं, त्यातल्या एकाने शंभर टक्के गॅरंटी दिली. तिथली गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हो, नकार आला तर कारणसुद्धा सांगत नाहीत. गॅरंटी देणारा दिसला की तिथूनच परत फिरा.

कागद काय लागले तर पासपोर्टचा कलर स्कॅन, फोटो, फॉर्म आणि नोकरीचा दाखला. दाखला कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. आम्ही चौघं जाणार होतो, मी, नवरा, नवऱ्याचा मित्र आणि त्याची बायको. तिघांचं एलओआय पंचवीस दिवसांत आलं. मित्राच्या बायकोचं नाही आलं, नकार आला. ती एका न्यूज चॅनेलमध्ये ग्राफिक्स करते, बातमीशी तिचा काडीचा संबंध नाही, पण दाखल्यावर कंपनीच्या नावात न्यूज हा शब्द होता. तेच कारण होतं का हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही तर्क करत बसलो. मीडियावाल्यांना तिथे अवघड जातं हे एजन्सीला माहीत असणारच ना, मग फॉर्म भरतानाच सांगायचं की बाई, तुमचं कठीण आहे. नाही सांगितलं. हा माझा पहिला मोठा राग.

दुसरा राग पैशाचा. ती जाणार नाही म्हणून मित्रही गळाला, राहिलो दोघंच. एजन्सीने दोन दिवसांत नवा कोट पाठवला, माणशी ७८० डॉलरचे एकदम ११५० डॉलर. हिशोब समजतो, गाडी एक, गाइड एक, चौघांत वाटायचं ते दोघांत वाटलं गेलं. पण पहिल्या कोटमध्ये ही स्लॅब कुठेच लिहिली नव्हती. म्हणून तुम्ही विचाराल तेव्हा एक माणूस, दोन, तीन, चार असे सगळे रेट आधीच लेखी मागून घ्या. एलओआयची फी परत मिळत नाही, ती दोघांची गेली. मित्राने दुबईमार्गे विमानाचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं, नॉन-रिफंडेबल, तेही गेलं. यात मात्र एजन्सीला दोष देणार नाही, त्यांच्या पहिल्याच ईमेलच्या तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की एलओआय हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. मित्र म्हणतो मी तिसरी ओळ वाचलीच नाही. असो.

आणखी एक, एलओआयवर तुम्ही कुठून आत शिरणार आणि कुठून बाहेर पडणार ते लिहिलेलं असतं. आम्ही विमानाने आत, विमानाने बाहेर, त्यामुळे प्रश्न नव्हता. पण उझबेकिस्तानकडून रस्त्याने येणारे खूप असतात, त्यांनी नाका आधी पक्का करायचा, तिथे गेल्यावर मूड बदलला म्हणून दुसऱ्या नाक्याने बाहेर पडता येत नाही. आणि काही जण म्हणतील ट्रान्झिट व्हिसा घ्या ना, गाइडची कटकट नाही. पूर्वी तीन ते पाच दिवसांचा तसा मिळायचा, उझबेकिस्तानातून इराणला वगैरे जाणाऱ्यांना, पण तोही नाकारला जायचा आणि कोविडनंतर तर त्याच्या भरवशावर कोणी प्लॅन करू नये.

आमची ट्रिप ऑक्टोबर २०२४ ची. चेक-इनलाच एलओआयची प्रिंट मागितली, फोनवर दाखवलेलं चाललं नाही, सुपरवायझरला बोलावलं, त्याने दोनदा वाचलं, मग बोर्डिंग पास. प्रिंट दोन-तीन काढा, कलर. अश्गाबातचं विमानतळ ससाण्याच्या आकाराचं आहे, २०१६ मध्ये उघडलं, पंख पसरलेला पांढराशुभ्र ससाणा, आणि रात्री दोन वाजता त्या अवाढव्य पक्ष्याच्या पोटात आमच्या विमानातली माणसं सोडून चिटपाखरू नव्हतं. एका खिडकीत एलओआय द्यायचं, दुसऱ्या खिडकीत पैसे भरायचे, मग नाकात काडी घालून पीसीआर टेस्ट, त्याचे वेगळे पैसे, मायग्रेशन कार्डाचे वेगळे. सगळं डॉलरमध्ये, रोख. आम्ही माणशी दीडशे डॉलर बाजूला ठेवले होते, त्यात भागलं. नोटा कोऱ्या हव्यात, माझी एक वीसची नोट कोपऱ्यात दुमडलेली होती, ती काचेतून परत आली, बोलणं काही नाही, नुसती परत. पीसीआरचा रिझल्ट काय आला ते मला आजतागायत माहीत नाही. आणि हो, बाहेर पडताना सामान परत एक्स-रेमधून जातं, येतानासुद्धा.

एजन्सीने जायच्या आधी एक अकरा पानी पीडीएफ पाठवली होती. सेवेतला हा भाग खरंच चांगला आहे. ड्रोन आणू नका. ट्रामाडॉल किंवा तसली जबरी वेदनाशामक औषधं आणू नका, डॉक्टरने दिलेली बाकीची औषधं असतील तर चिठ्ठीसकट मूळ पाकिटात आणा. राष्ट्राध्यक्षांचा महाल, सरकारी इमारती, विमानतळ, पोलीस, सैनिक यांचे फोटो काढू नका. रात्री अकरानंतर रस्त्यावर फिरू नका. कोणाच्या घरी मुक्कामाला राहू नका. सगळं स्पष्ट. पण त्यात इंटरनेटबद्दल एक अवाक्षर नव्हतं! व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, काहीच चालत नाही, आणि व्हीपीएनही तिथे बेकायदा. माझ्या आईला दोन दिवस आमचा काही पत्ता नव्हता, तिने नातेवाइकांना फोन करून करून हैराण केलं, शेवटी हॉटेलच्या रिसेप्शनवरून साधा फोन लावला तेव्हा ती रडलीच. निघायच्या आधी घरच्यांना सांगून ठेवा की बाबांनो आम्ही पाच दिवस गायब आहोत, काळजी करू नका. हे एक वाक्य पीडीएफमध्ये घालायला काय जात होतं, पण ते लिहिणं कदाचित त्यांनाच अडचणीचं असेल, हे मला तिथून आल्यावर सुचलं.

आता गाइड. तिशीतला मुलगा, इंग्रजी चांगलं, रशियन त्याहून चांगलं. पहिल्या दिवशी शहर दाखवायला निघालो. शहर म्हणजे काय सांगू, नजर जाईल तिथे पांढरा संगमरवर. २०१३ मध्ये गिनीजने नोंद केली होती, संगमरवर लावलेल्या ५४३ नव्या इमारती आणि सगळा मिळून पंचेचाळीस लाख चौरस मीटरच्या वर. जुनं शहर ६ ऑक्टोबर १९४८ च्या भूकंपात जमीनदोस्त झालं होतं, आणि १९९१ ला स्वतंत्र झाल्यावर गॅसच्या पैशातून हे नवीन उभं राहिलं. रस्ते रुंद, बस स्टॉपसुद्धा बंद काचेचे आणि एसीवाले, कारंजी, आणि माणसं फारशी नाहीतच, चेहऱ्याला कपडा गुंडाळून झाडू मारणाऱ्या बायका तेवढ्या दिसतात. मी फोन वर केला की गाइड शांतपणे म्हणायचा, “मॅडम, इकडे फुलं छान आहेत.” पहिल्यांदा मी खरंच फुलांचा फोटो काढला. तिसऱ्यांदा फुलं म्हणाला तेव्हा तिथे फुलं नव्हतीच, मग ट्यूब पेटली. त्यानंतर पाच दिवस आमची तीच भाषा, मी विचारायचे, “इथे फुलं आहेत का?” आणि तो हो किंवा नाही म्हणायचा. हे त्याला कोणी शिकवलं नसणार. पण शिट्टी वाजवत पोलीस येण्याआधी, टूरिस्टचा अपमान न करता त्याला थांबवणं ही कला आहे, आणि माझ्या मते आपण पैसे देतो ते याचेच.

नवऱ्याने मात्र गाडीत घोळ घातला. त्याला वाटलं गाडीत आपण चौघंच, मोकळं बोलू, म्हणून विचारलं, लोक खूश आहेत का इथे, निवडणुका कशा होतात? वडील राष्ट्राध्यक्ष होते, २०२२ पासून मुलगा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गाइड क्षणभर गप्प बसला आणि मग खरबुजांवर बोलायला लागला. आमच्याकडे खरबुजाच्या चारशे जाती आहेत, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी खरबूज दिवस असतो, अमुक जात हिवाळाभर टिकते. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज वाढवला. वीस मिनिटं खरबूज चालू होतं. रात्री खोलीत मी नवऱ्याला झापलं, तुला उत्तर मिळालं असतं तर तू घरी जाऊन मित्रांना किस्सा सांगितला असतास, आणि त्याचं लायसन्स गेलं असतं. खोलीतसुद्धा मी हे हळू आवाजातच बोलले, का ते विचारू नका, तिथे आपोआप आवाज खाली येतो. लेखी नियम पीडीएफमध्ये आहेत, हा त्यात नाहीये.

दरवाजा नावाच्या ठिकाणचा जळत्या गॅसचा खड्डा, ज्यासाठी सगळे जातात, तो अश्गाबातपासून अडीचशे-दोनशे साठ किलोमीटर उत्तरेला काराकुमच्या वाळवंटात. अंतर ऐकून वाटतं तीन तास, रस्त्याला इतके खड्डे की पाच लागले, एका खड्ड्याकडे जाताना शंभर खड्डे, असा पीजे नवऱ्याने मारला. सोव्हिएत काळात, १९७१ ला म्हणतात, गॅससाठी ड्रिलिंग करताना जमीन खचली आणि आग लावून दिली ती जळतच राहिली. साधारण सत्तर मीटर रुंद. रात्री कडेला उभं राहिलं की वारा आपल्याकडे वळतो तेव्हा तोंड भाजतं, आणि दुसऱ्या क्षणी पाठीला वाळवंटाची थंडी. मला आवडलं, खोटं का बोलू. पण एजन्सीच्या ब्रोशरमधला फोटो आणि प्रत्यक्ष यात फरक आहे, फोटोत पूर्ण खड्डा पेटलेला, आम्ही पाहिला तेव्हा मधे मधे आणि कडेकडेने ज्वाळा होत्या. फोटो बऱ्याच वर्षांपूर्वीचा असणार. पुढे जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारी गॅस कंपनीकडूनच सांगण्यात आलं की आग पूर्वीपेक्षा तिपटीने कमी झालीये, ते मुद्दामच आजूबाजूला विहिरी चालवून गॅस ओढून घेतायत. तेव्हा ज्यांना फक्त खड्ड्यासाठी जायचंय त्यांनी एजन्सीकडे या महिन्यातला फोटो मागावा, आणि तो आला की मगच पैसे भरावे. मुक्काम यर्टमध्ये, म्हणजे तिथल्या गोल तंबूत, गाद्या जाड, पांघरुणं भरपूर, टॉयलेट लांब आणि अंधारात, टॉर्च न्या.

परत येताना एक गंमत. शहराच्या बाहेर ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि वॉशिंगला लावली. अर्धा तास. मी वैतागले, हॉटेलवर जाऊन अंघोळ करायची होती. गाइड म्हणाला, मळकी गाडी शहरात नेली तर दंड. आमची गाडी पांढरी, पुढची पांढरी, मागची पांढरी, कारण २०१८ पासून अश्गाबातमध्ये काळ्या गाड्या चालत नाहीत. तर दोन दिवसांचे वाळूने माखलेले आम्ही, चकचकीत गाडीत बसून, संगमरवरी शहरात शिरलो. वॉशिंगचे पैसे एजन्सीने लावले नाहीत, हे इथे नोंदवते.

मेर्वला, म्हणजे प्राचीन शहराचे अवशेष आहेत तिथे, जायचा दिवस मात्र वाया गेल्यातच जमा. अश्गाबातहून मेरीला, म्हणजे मेर्वजवळच्या आताच्या शहराला, देशांतर्गत विमान होतं, त्याची वेळ आदल्या रात्री बदलली, सकाळचं दुपारी गेलं, आणि जगातल्या इतक्या जुन्या शहराला आम्हाला मिळाले अडीच तास. सुलतान संजरची बाराव्या शतकातली कबर तेवढी नीट बघितली, १२२१ मध्ये मंगोलांनी शहर उद्ध्वस्त केलं त्यातून ती उभी राहिलीये. किझ कला नावाची जुनी गढी धावत. विमानाची वेळ एजन्सीच्या हातात नाही, कबूल, पण दुसऱ्या दिवशी आमचा सगळा दिवस बाजार आणि आराम असा रिकामा होता, तो अदलाबदल करा म्हटलं तर म्हणे प्रोग्रॅम मंजूर झालाय, बदलता येत नाही. मंजूर कोणी केलाय, हे विचारायचं नाही हे एव्हाना आम्हाला कळलं होतं. तिथेच गाइडने विचारलं, बैराम खान माहितीये का? अकबराला ज्याने लहानपणी सांभाळलं, त्याच्या नावाने राज्य चालवलं तो बैराम खान तुर्कमेन वंशाचा, त्यांना त्याचा केवढा अभिमान. शाळेतला इतिहास पहिल्यांदाच उपयोगी पडला, मी पानिपतच्या दुसऱ्या लढाईपर्यंत जाऊन आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो पोरगा मनापासून, न थांबता, कुठेही वळसा न घेता बोलला. सोळाव्या शतकावर बोलायला कोणाची ना नसते बहुतेक.

जेवण. नवरा शाकाहारी, तीनदा ईमेलवर कळवलं होतं, तीनदा ओके आलं होतं. पहिल्याच जेवणात इचलेक्ली आली, म्हणजे मांसाचं सारण भरलेली मोठी पोळी, आणि वेटर म्हणाला मांस थोडंच आहे. मग गाइडने स्वतः किचनमध्ये जाऊन बटाटे, टोमॅटो, काकडी असं काहीतरी जमवलं. तंदूरमध्ये भाजलेला चोरेक नावाचा पाव अप्रतिम, ग्रीन टी हवा तेवढा, खरबूज तर विचारूच नका, ऑक्टोबरातसुद्धा साखर. मांस खाणाऱ्यांची मजा आहे, शाकाहारींनी पावावर प्रेम करायला शिकावं.

पैशाचं थोडं. तिथलं चलन ‘मनात’, सरकारी दर एका डॉलरला साडेतीन मनात, कित्येक वर्षं तोच. बाजारात वेगळा दर चालतो, कित्येक पटींनी वेगळा, हे तिथलं उघड गुपित आहे, आणि तो बेकायदा आहे हेही. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही कारण पकडलो गेलो तर जाब गाइडला विचारणार. हॉटेल, जेवण, गाडी एजन्सीच्या पॅकेजमध्येच होतं, तर वरखर्च किरकोळ. एटीएम, कार्ड यांच्या भरवशावर राहू नका. गालिचा घ्यायचा असेल तर लक्षात ठेवा, तो देशाबाहेर न्यायला सर्टिफिकेट लागतं, सरकारी दुकानातून घेतला तर कागद बरोबर मिळतो, बाजारातून घेतला तर गालिच्याच्या म्युझियममध्ये जाऊन करून घ्यावा लागतो. मी बाजारातून घेतला अर्थातच. गाइडने अर्धा दिवस माझ्याबरोबर रांगेत काढला, एक्स्ट्रा पैसे मागितले नाहीत. टिप दिली ती त्याने गाडीत न घेता एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये घेतली.

तर साडेतीन स्टार असे: कागदपत्रं आणि जमिनीवरची सोय पाचपैकी पाच, गाइडला मी सहा दिले असते, ईमेल दोन, रेटमधला प्रामाणिकपणा दोन, आणि जुना फोटो वापरण्याबद्दल अर्धा कापलाय. परत जायचं झालं तर याच एजन्सीकडे जाईन, पण स्लॅबचे रेट आधी लेखी, आणि मेर्वला मुक्काम टाकून.

२०२५ मध्ये तिथे ई-व्हिसाचा कायदा झालाय, एलओआयची भानगड जाईल म्हणतात. मी हे एजन्सीला विचारलं, मित्राच्या बायकोसाठी, ती अजून जायचं म्हणतेय आणि आता तिने नोकरीही बदललीये. सहा दिवसांनी उत्तर आलं, नवीन सिस्टिम चालू झाली की कळवू, तोपर्यंत जुन्याच पद्धतीने अर्ज करा, नवीन कंपनीचा दाखला पाठवा. एकदम चार ओळी. मी नवऱ्याला दाखवलं, म्हटलं बघ, यांना लिहिता येतं!